काकाजींचा कान

काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवायचे, मग बसायचे. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा टकटक, कान जरासा तिरका, मग "हं" करून खुर्चीत. यजमानाला वाटायचं, म्हातारा दार समजून भिंतीला ठोकतोय. बालाघाटात ज्यांना माहीत होतं ते काही बोलायचे नाहीत, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना काकाजी स्वतःहून सांगायचे नाहीत. भिंत, फळी, माठ, टरबूज, पाण्याची टाकी, जे समोर येईल ते वाजवून बघायचं. एकदा बँकेत साहेबाच्या टेबलालाच वाजवून "आतून वाळवी हाये" म्हणाले, तर साहेब केवढा रागावला. वाळवी निघाली की नाही ते मला माहीत नाही, पण दिवाळीनंतर टेबल बदललेलं मी स्वतः पाहिलं.

ते माझे घरमालक. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि अजून कुणी बालाघाटात माझ्या दवाखान्याचा पत्ता विचारला तर लोक "काकाजींच्या घराखाली" असंच सांगतात. माझं नाव दारावर मोठ्या अक्षरांत आहे. ते कुणी वाचत नाही.

मी तुमसरची. दातांची डॉक्टर झाले आणि सव्वीसाव्या वर्षी सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, इथे बालाघाटला आले, कारण तुमसरात आधीच तीन दवाखाने होते आणि इथे माझी मावशी होती. मावशीनेच हा रस्त्याकडचा गाळा शोधून दिला. वरच्या मजल्यावर काकाजी आणि काकीजी, खाली मी. भाड्याचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. पुढचा अर्धा तास काकाजी गाळ्याच्या चारी भिंती वाजवत फिरले आणि मागची भिंत दाखवून म्हणाले, "इथं मशीन लटकवू नोका बाई. ही भिंत पोकळ बोलते." मी मनात म्हटलं, चला, घरमालक येडा मिळाला.

दवाखान्यात नवी फरशी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन खाली आले. उकिडवे बसून एकेक फरशी वाजवत गेले आणि अकरा फरशांवर खडूने फुल्या मारल्या. माझ्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, परवाचा दिवस होता. मिस्त्रीला बोलावलं तर तो हिंदीत भांडायला उठला की बाबूजी, ये टाइल है, तबला नहीं. काकाजींनी काही वाद घातला नाही. त्याच्याच हातची थापी घेऊन एक फरशी उचकटली. खाली मसाला चारही कोपऱ्यांना लावलेला, मधे नुसती हवा. मग मिस्त्रीने अकराच्या अकरा फरशा नव्याने बसवल्या. उद्घाटन चार दिवस पुढे गेलं आणि मी चार दिवस काकाजींशी तुटक बोलले. माझी घाई ही तेव्हापासूनची, आधीच सांगून ठेवते.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला हळूहळू कळलं. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ते ड्रेसर होते. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या पुढे एकट्याने आत जायचं, लांब सब्बलेने, म्हणजे पहारीने, डोक्यावरचा दगड ठोकायचा आणि ऐकायचं, हे ड्रेसरचं काम. खणखणीत वाजला तर दगड धरून आहे. भद्द वाजला तर सुटलाय, तो आधी पाडायचा, मगच बाकीची माणसं आत सोडायची. दिव्याच्या उजेडात दोन्ही दगड दिसायला सारखेच. "डोळा फसवते बाई," ते म्हणायचे, "आवाज नाई फसवत." चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. ते "चला" म्हणायचे तेव्हा मागची माणसं पाऊल उचलायची, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या "चला"वर कुणी शंका घेतली नव्हती. याचा त्यांना फार अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण खाणीतला कुणी जुना माणूस भेटला आणि त्याने तो विषय काढला की काकाजी उगाच चष्मा पुसायला लागायचे.

त्या कानाला निवृत्तीनंतरही काम होतं. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मोटारसायकलवर यायचा. कुणी कटंगीहून, कुणी जवळच्याच खेड्यातून. जुनं घर विकत घ्यायचंय, विहिरीचं बांधकाम बघायचंय, धानाच्या कोठाराची भिंत भरवशाची आहे का. काकाजी मागच्या सीटवर बसायचे, जायचे, वाजवायचे आणि "घ्या" किंवा "नोका घेऊ" एवढंच सांगून परत यायचे. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. काकीजी कुरकुरायच्या की उन्हातान्हाचं फिरणं, काहून जाता? ते म्हणायचे, "बोलावते तर जातो."

बाकीचा वेळ माझ्या दवाखान्यात. सकाळी दहाला खाली यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि एक वाजेपर्यंत हलायचे नाहीत. सुरुवातीला मला राग यायचा. पेशंट बाहेर बसलेला असायचा आणि हे त्याला आधीच सगळं सांगून मोकळे. पण दोनेक महिन्यांत माझ्या लक्षात आलं की मी आत कागदावर चित्रं काढून जे समजावते ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि बाहेर जाऊन काकाजींना विचारलं की लगेच समजतं. पडलेल्या दाताच्या जागी काय करायचं, यावर त्यांचं भाषण ठरलेलं होतं, आणि मी आतून ते इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

"पह्यला उपाय, काढघालीचा दात. म्हणजे कवळीची लहान बहीण. रात्री काढून पाण्यात ठेवायची. सस्ता, पण हालते. दुसरा उपाय, पूल. शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करतात आन् त्यायच्या खांद्यावर तिसरा बसवतात. होते काम. पण त्या दोघायनं काय पाप केलं? तिसरा उपाय, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात भोक पाडून टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. सुई देते बाई, दुखत नाई. पण स्क्रू बसला म्हणजे दात झाला असं नोका समजू. हाड जित्तं हाये. ते हळूहळू वाढते आन् स्क्रूले धरते. तीन महिने लागन, चार लागन. त्याच्या आधी तो निस्ता खिळा. धरलं की मंग वरून दात."

समोरचा हिंदी बोलणारा असला तर खाणीच्या छताला मारतात त्या बोल्टांचं उदाहरण द्यायचे: जब तक पत्थर नहीं पकड़ता, तब तक बोल्ट सिर्फ लोहा है. मग साखर किती आहे ते विचारायचे, गुडाखू घासतो का ते विचारायचे, आणि घासत असेल तर आपलं तोंड उघडून दाखवायचे. खाणीत असताना त्यांनी तीस वर्षं तो तंबाखूचा गुडाखू दातांना घासला होता. खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा त्यातच गेल्या. "हे पाह्य," म्हणायचे, "माही कमाई."

त्या जागी मीच त्यांना आधी काढघालीचे दात करून दिले होते. आठ दिवस टिकले. काकाजींची तक्रार टोचण्याची नव्हती, चावण्याचीही नव्हती. तोंडात दिवसभर काहीतरी वाजतंय, ही तक्रार होती. बोललं की वाजतं, चहा प्यायलं की वाजतं. "चौतीस वर्सं म्या ज्या आवाजाले माणसायच्या डोक्यावरून पाडलं," ते म्हणाले, "तो तुमी माह्या तोंडात बसवून देल्ला." नवव्या दिवशी दात स्टीलच्या डबीत गेले ते कायमचे. पुलासाठी शेजारचे दात घासायला त्यांनी साफ नकार दिला. मग स्वतःच म्हणाले की इम्प्लांट करा, एकच करा, एका बाजूने चावता आलं तरी बस.

इम्प्लांट मी नागपूरला शिकले होते, तिथल्या सरांच्या देखरेखीखाली दोन केलेही होते. पण माझ्या स्वतःच्या दवाखान्यात, माझ्या एकटीच्या हाताने, हा पहिला. आणि काकाजींचा असल्यामुळे तो साऱ्या वॉर्डाचा झाला. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे की काकाजीचा दात कुठवर आला. स्क्रू छान बसला. हिरडीतून वर चण्याच्या डाळीएवढं चकचकीत झाकण दिसत होतं. त्यांचं हाड मऊ, त्यात गुडाखूची तीस वर्षं, म्हणून मी सोळा आठवडे थांबायचं ठरवलं आणि त्यांना तसं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काकीजी खाली आल्या आणि म्हणाल्या, जरा वर येऊन बघा. काकाजी आरशासमोर उभे, हातात चहाचा चमचा, आणि चमच्याच्या दांड्याने त्या झाकणावर हळूच टुक, टुक. आधी शेजारच्या दातावर, मग झाकणावर, मग परत दातावर. मी जी ओरडले ती खाली पेशंटला ऐकू गेली. हाडाला शांतता लागते, हललं तर हाडाऐवजी मऊ मांस वाढतं, मग स्क्रू कधीच धरत नाही, हे सगळं मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हालवत नाई मी त्याले. विचारतो." दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी चमचे लपवायला सांगितले, तर पेनाच्या टोपणाने विचारलं. शेवटी मीच दमले आणि दिवसातून एकदाच, तेही अगदी हलक्या हाताने, एवढ्यावर तह केला. रोज सकाळी दहाला खाली आले की मला निकाल मिळायचा: "अजून भद्द."

आता माझं सांगते. त्याच सुमारास कटंगीहून एक बाई दाखवायला येऊ लागल्या होत्या. तिथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं कटंगी त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. एक दाढ काढलेली, इम्प्लांट करायचं मनात, पण त्यांनी मला तोंडावर सांगितलं की आधी काकाजींचा पूर्ण होऊ द्या, मी बघेन, मग माझा. कटंगीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्या बसल्या असत्या तर त्यांच्या मागून आणखी चौघं बसायला तयार होती, त्यांनीच तसं सांगितलं होतं. आणि इकडे बसस्टँडजवळ एक मोठा नवा दवाखाना उघडायच्या बेतात होता, काचेचं दार, आत दोन खुर्च्या. मला रात्री झोप लागेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं माझं झालं. नवव्याच आठवड्यात मी काकाजींचा एक्सरे काढला, तो स्वच्छ दिसला, आणि मी वरचा दात करून मागवला.

त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर काकाजींनी तोंड उघडलं नाही.

"बाई, आज नोको," ते म्हणाले. "सकाळीच पाह्यलं. हाडानं अजून धरलं नाई त्याले."

मी एक्सरे उजेडापुढे धरला आणि म्हटलं, "यात सगळं साफ आहे. आता सांगा, तुमचा कान खरा की माझा एक्सरे?"

एक्सरेत स्क्रूभोवतीचं हाड दिसतं, ते घट्ट धरून आहे की नाही ते नीट कळत नाही. हे मला माहीत होतं. घट्टपणा मोजायचं साधन ड्रॉवरमध्ये होतं. ते मी काढलं नाही, कारण ते काय सांगेल याची मला भीती वाटत होती. काकाजी एक्सरेकडे बघत राहिले, मग हसले. "तुमी शिकलेल्या," म्हणाले, आणि तोंड उघडलं.

पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मोठ्या बाई मुद्दाम कटंगीच्या बसने आल्या, काकाजींचं तोंड उघडायला लावून दात बघितला, आणि "बरा दिसतोय" म्हणाल्या. दात बसवल्याच्या पाचव्या आठवड्यात काकाजी सकाळी दहाला खाली आले, ते खुर्चीवर न बसता सरळ आत आले. दात हलत होता. मी एक्सरे काढला तर स्क्रूच्या भोवती काळी रेघ. हाडाने त्याला धरलंच नव्हतं. मी वरचा दात काढला आणि स्क्रूला हात घातला, तर तो दोन वेढ्यांत, बोटांनीच, बाहेर आला. काकाजींनी तो तळहातावर घेऊन पाहिला, मला परत दिला आणि तोंडात कापूस धरून बाहेर गेले.

हात धुऊन मी मागोमाग आले. बाहेरची खोली भरलेली होती, आणि पंख्याखाली मोठ्या बाई. त्यांनी काकाजींच्या तोंडातला कापूस पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय झालं, डॉक्टर?"

मी तोंड उघडायच्या आत काकाजी बोलले. कापूस गालात सारून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माह्यामुळे झालं. बाई सांगून सांगून थकल्या, तरी रोज चमच्यानं ठोकलं म्या. त्या म्हणत व्हत्या थांबा, मीच म्हटलं लावून टाका, आवाज पक्का हाये." कापूस पुन्हा गालात ढकलला. "कान चुकला माहा. वय झालं."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं की काकाजी, आता चमचा फक्त चहापुरता ठेवा. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली, आणि जाताना माझ्याकडून पुढच्या महिन्याची तारीख घेऊन गेल्या. मी तिथे ओले हात घेऊन उभी होते आणि एक अक्षर बोलले नाही. खोटं कशाला सांगू, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, चहा प्यायला बसले तेव्हा, आणि मग ती गेली नाही.

संध्याकाळी मी वर गेले आणि म्हटलं, काकाजी, हे बरोबर नाही, मी खरं सांगते. ते धोतर घडी करत होते. म्हणाले, "गप राहा. तुमचं दुकान नवीन हाये. माह्या कानाले काय आता कोणी नोकरी द्यायची हाये?" दुसरा इम्प्लांट मी फुकट करून देते म्हटलं, तर नको म्हणाले, राहू द्या, जबड्याचीच इच्छा नाही. ती दोन दाढांची जागा शेवटपर्यंत तशीच राहिली.

महिन्याभराने मोठ्या बाईंचा स्क्रू बसवला. या वेळी मी वहीत बारा आठवडे मोजून तारीख घातली आणि ती एक दिवसही अलीकडे आणली नाही. त्यांच्या मागून दोघंजण खरंच आले. दवाखाना चालू लागला.

काकाजी रोज दहाला खाली यायचेच. पण इम्प्लांटवरचं भाषण आता होईना. कुणी विचारलं तर "बाईले विचारा" म्हणायचे. एक दिवस कटंगीचा एक माणूस मोटारसायकलवर आला, त्याला जुनं घर घ्यायचं होतं, काकाजींना न्यायला आला होता. पेशंट बसले होते, त्यांतल्या एकाने त्याला दाताचा किस्सा ऐकवला, हसत हसतच. त्या माणसाने चहा संपवला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला की ऊन फार आहे काकाजी, तुम्हाला उगाच त्रास, मी बघून घेतो. मी खिडकीतून पाहत होते. काकाजी डोक्याला गमछा गुंडाळून पायरीवर उभे होते, मागच्या सीटवर बसायच्या तयारीने. गाडी गेल्यावर त्यांनी गमछा सोडला आणि आत येऊन खुर्चीवर बसले. त्यानंतर त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

एप्रिलमध्ये एकदा मी जिन्यात काकीजींना गाठलं आणि विचारलं, तब्येत बरी आहे ना त्यांची? काकीजी माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

"बाजारातून माठ आणला त्यायनं," त्या म्हणाल्या. "न ठोकताच आणला. रातभर गळला." मग पदर सावरत पायऱ्या चढायला लागल्या, दोन पायऱ्यांवर थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, "आपलेच दात अन् आपलेच ओठ. कोणाले सांगाचं?"

त्यांना सगळं माहीत होतं. मी तशीच जिन्यात बसले. काकाजींनी माझ्यासाठी काय दिलं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. दाताचं काय, तो गेला तर गेला. चौतीस वर्षं आणि त्यानंतरची सगळी वर्षं ज्या एका गोष्टीवर ते उभे होते, ती त्यांनी सात-आठ पेशंटांसमोर, गालात कापूस धरून, माझ्या दुकानावरून ओवाळून टाकली होती. आणि मी ती घेतली होती. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी खोली भरायची वाट पाहिली. एकट्यादुकट्याला सांगून काही उपयोग नव्हता. अकराच्या सुमारास सहा-सात माणसं होती, त्यांत कटंगीचीच दोघं, आणि मोठ्या बाई स्क्रू दाखवायला आलेल्या, त्यांना दहा आठवडे झाले होते. काकाजी दाराजवळ, हात मांडीवर ठेवून. मी हातमोजे काढले, मधे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं.

"काकाजींच्या दाताची गोष्ट तुम्ही ऐकली ती उलटी आहे. त्यांनी मला थांबा म्हटलं होतं. हाडानं धरलं नाही, असं त्याच दिवशी सांगितलं होतं. घाई मी केली. त्यांचा कान बरोबर होता." मग, कुणाला कळायचं राहू नये म्हणून, हिंदीतही सांगितलं की गलती मेरी थी.

गाल सुजलेला एक तरुण होता, त्याने इकडेतिकडे पाहिलं, हेल्मेट उचललं आणि निघून गेला. काकाजी उठले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"तुले कोणं विचारलं होतं?" ते म्हणाले. "म्या झाकलं होतं ना सारं? काहून उघडलं? आता बस माशा मारत."

आणि जिन्याकडे निघाले.

"काकाजी, थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज होता तो. काकाजीच काय, सगळी खोली थांबली. बाईंनी मला विचारलं, "माझी तारीख कधीची आहे?"

"पंधरा दिवसांनी."

"तीही घाईची का?"

मी म्हटलं, नाही, बारा आठवडे पूर्ण होतात, मोजून घातलीय. बाईंनी आता उठून बस पकडली असती तरी मला बोलायला तोंड नव्हतं. पण त्यांनी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला, आणि काकाजींच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मान मागे टाकली. मग त्या बाईंनी, ज्यांच्यासमोर अख्खं कटंगी उभ्याने बोलायचं, खोलीभर माणसांदेखत तोंड उघडलं आणि बोटाने आतली जागा दाखवली.

"ऐका," त्या म्हणाल्या.

काकाजी जिन्याशी उभेच होते. मी आतून दात तपासायचा, उकळलेला छोटा आरसा आणला आणि दांडा त्यांच्या बाजूने धरला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. आधी बेसिनवर जाऊन हात धुतले, साबण लावून, दोनदा. मग आरसा घेतला आणि बाईंशेजारी बसले. कुणीतरी न सांगता पंखा बंद केला. शेजारच्या दातावर एकदा, झाकणावर एकदा, पुन्हा दातावर. डोळे मिटून, कान खाली. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी आणखी एकदा वाजवलं.

"अजून नाई," काकाजी म्हणाले. "धरून राह्यलं हाये, पण पुरतं नाई. घाई करू नोका."

बाईंनी तोंड मिटलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वही आणली, त्यांची तारीख खोडली, आणि नवी कोणती लिहू ते काकाजींना विचारलं.